मांजरीचा जंत नेमका कोणता? भिंगाखाली कळत नाही, डीएनए सांगतो

पवनार (वार्ताहर) : सोयाबीनचे कट्टे घरात आले की मागे उंदीर येतात, अन् उंदरामागे मांजर. धाम नदीकाठच्या आपल्या गावांत हे दरवर्षीचंच आहे. पण याच साखळीत एक तिसरा पाहुणा राहतो, चपट्या फितीसारखा लांब जंत. त्याला पट्टकृमी म्हणतात.

मांजरीच्या विष्ठेतून या जंताची अंडी बाहेर पडतात. ती दाण्यावर, कुटारावर पडतात आणि उंदराच्या पोटात जातात. उंदराच्या काळजात, म्हणजे यकृतात, त्याची पांढरी गाठ बनते. तो उंदीर मांजरीनं खाल्ला की महिना-दोन महिन्यांत तिच्या आतड्यात जंत मोठा होऊन पुन्हा अंडी सोडतो. या जंताचं शास्त्रीय नाव हायडॅटिजेरा टीनियाफॉर्मिस. माणसाला तो फारच क्वचित होतो.

मग आपण काळजी कशाची करायची? अडचण ओळखण्यात आहे. या जंताची अंडी आणि कुत्र्यातल्या धोकादायक हायडॅटिड जंताची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात. हायडॅटिडनं माणसाच्या यकृतात, फुफ्फुसात पाण्याच्या गाठी होतात आणि बरेचदा ऑपरेशन करावं लागतं. एक जंत जवळपास निरुपद्रवी, दुसरा जिवावरचा, आणि अंडं मात्र एकसारखं.

इथे डीएनए कामी येतो. कोरोनात नाकात कांडी घालून जी आरटीपीसीआर तपासणी झाली, त्याच जातीचं हे तंत्र. अंड्यातला किंवा गाठीतला डीएनए काढायचा, त्याचा एक ठरावीक तुकडा लाखो पटीनं वाढवायचा आणि अक्षरं जुळवून जात ठरवायची. याच तपासणीमुळे 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की मांजरीचा जो जंत सगळे एकच समजत होते तो एक नाहीच. घरच्या उंदरांमधला वेगळा आणि युरोपातल्या रानउंदरांमधला वेगळा. दुसऱ्याला हायडॅटिजेरा कामियाई असं नवीन नाव मिळालं.

आपल्या राज्यातही असं काम झालेलं आहे. मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांसोबत महाराष्ट्रातल्या जनावरांमधल्या हायडॅटिड गाठींचा डीएनए तपासला. 2009 मध्ये ते छापून आलं. त्यात सगळ्यात जास्त आढळला तो म्हशीचा म्हणून ओळखला जाणारा प्रकार. म्हणजे नुसत्या बकऱ्या-मेंढ्यांकडे पाहून भागत नाही, म्हशीचं टाकून दिलेलं काळीजही कुत्र्याच्या तोंडी जाऊ देता कामा नये. उपाय कुठे करायचा हे असं जात कळल्यावरच ठरतं.

आणखी एक गैरसमज. 10 फेब्रुवारीला शाळेत-अंगणवाडीत लेकरांना जंताची गोळी देतात. ती मुख्यतः गोलजंत, अंकुशकृमी अशांसाठी. ती गोळी घरच्या मांजरीला कुस्करून देऊ नका. मांजरीच्या पट्टकृमीवर प्राझिक्वांटेल हे औषध चालतं, तेही वजन पाहून, पशुवैद्यकाला विचारून. शिकारी मांजरीला एकदा देऊन काम भागत नाही. तिनं पुन्हा उंदीर धरला की चक्र पुन्हा सुरू. मांजरीच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर पिसवांचाही बंदोबस्त करा. तो जंत पिसवांतून येतो, आणि पिसू चुकून तोंडात गेली तर लहान लेकरालाही होतो.

घरच्या घरी करण्यासारखं एवढं : कट्टे जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. मेलेला उंदीर हातानं उचलू नका, खोल पुरून टाका. धान्य निवडल्यावर, मातीत काम केल्यावर साबणानं हात धुवा. कोथिंबीर, मुळा धुतल्याशिवाय खाऊ नका.

बाकीचं काम सरकारचं आहे. पशुवैद्यकीय विद्यापीठ नागपूरला, मेडिकल कॉलेज सेवाग्रामला. दोन्ही आपल्यापासून दूर नाहीत. तालुक्याच्या दवाखान्यातून संशयास्पद नमुना तिथवर पोचवायची आणि निकाल गावाला कळवायची पक्की सोय हवी. येत्या ग्रामसभेत हा विषय कुणीतरी मांडायला हवा. जनावराचा दवाखाना आणि माणसाचा दवाखाना एकमेकांशी बोलले नाहीत, तर मधल्या फटीत जंत आरामात जगतो.