डीपी वारंवार जळते. दोष यंत्राचा की जागेचा?

आष्टी (ता. परतूर) : हरभरा, गव्हाला पाणी द्यायची वेळ आली की शिवारात डीपी जळाल्याच्या तक्रारी वाढतात. वीज नियामक आयोगाच्या मानकानुसार ग्रामीण भागात नादुरुस्त रोहित्र 48 तासांत बदलायला हवे. भांडण या तासांवरच होते. पण बदलून आलेली डीपी किती दिवस टिकणार, हे कोणी विचारत नाही.

बदलून येणारे रोहित्र बऱ्याचदा दुरुस्त केलेलेच असते. दुरुस्त झाले म्हणजे नवे झाले का? अमेरिकेचे लॅरी क्रो यांनी 1974 मध्ये अशा यंत्रांचे गणित मांडले. त्यात बिघाड किती झाले एवढेच नाही, तर कधी झाले हे बघतात. जपानचे किजिमा यांनी 1989 मध्ये पुढे सांगितले, की दुरुस्तीने यंत्राचे वय थोडे मागे जाते, पण शून्यावर येईलच असे नाही.

समजा, दोन रोहित्रे 48 महिन्यांत चार-चार वेळा जळाली. पहिले दर 12 महिन्यांनी. दुसरे आधी 30 महिने चालले, मग 10, मग 5, मग 3. सरासरी दोन्हींची सारखीच, 12 महिने. कागदावर दोन्ही एकच दिसतात, पण दुसरे भंगारात काढायच्या लायकीचे झालेले असू शकते.

खरी गोम पुढे आहे. जळालेले रोहित्र दुरुस्त होऊन दुसऱ्याच गावी जाऊ शकते. नोंद फक्त जागेची ठेवली तर यंत्राचा इतिहास हरवतो. एकाच जागी वेगवेगळी रोहित्रे जळत असतील तर दोष लोडचा. एकच यंत्र गावोगाव जळत असेल तर दोष दुरुस्तीचा.

लोडच्या बाबतीत शेतकऱ्यांनाही बोलावे लागेल. 63 केव्हीएच्या डीपीवर 5 एचपीच्या दहा-बारा मोटारी चालतात; वर आकडे वेगळेच. ऑटोस्विचमुळे लाईट येताच सगळ्या एकदम सुरू होतात आणि सुरू होताना मोटार पाच-सहा पट करंट ओढते. कॉइलवरचा कागद तापतो. तापमान साधारण 6 अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते.

एका डीपीच्या तीन-चार तारखांवरून ठाम निकाल निघत नाही. त्यासाठी एकाच क्षमतेच्या अनेक रोहित्रांच्या नोंदी एकत्र कराव्या लागतात. महावितरणने प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक, जळाल्याची आणि बसवल्याची तारीख उपविभागवार जाहीर केली तर हे काम होईल. तोपर्यंत डीपीवरच्या शेतकऱ्यांनी टाकीवरचा नंबर आणि तारीख वहीत लिहून ठेवायला काय हरकत आहे? रोहित्र उतरवताना पाटीचा फोटो काढला तरी पुरे.