आधी खंडाचं बोला

सामूहिक शेतीला मदत म्हटली की आपल्याकडे आधी बियाण्यांच्या पिशव्या येतात, मग फवारणी पंप, मग फलक. फलकाशेजारी फोटोही निघतो. जमीन कुणाची आणि किती वर्षांसाठी, हे विचारायचं तेवढं राहून जातं. बचतगटाच्या बाया पडीक तुकडा तोंडी बोलीवर घेतात, दगड वेचतात, शेणखत टाकतात; जमीन सुधारलेली दिसली की मालक ती परत मागतो. त्याला तरी किती दोष द्यायचा? कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक करणारा १९४८चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषकदिन गावं विसरलेली नाहीत. पीकपाहणीत दुसऱ्याचं नाव लागेल, ही धास्ती अजून आहे.

केरळात तर कायद्यानं खंडाला बंदीच आहे. तरी १९९८मध्ये सुरू झालेल्या कुटुंबश्री या राज्य सरकारच्या महिला अभियानातल्या चार ते दहा जणींच्या गटांनी खंडाच्या जमिनीवर भात, केळी, भाजीपाला पिकवला. त्यांच्या पाठीशी पंचायत उभी होती आणि गटाच्या सामायिक जबाबदारीवर बँकेचं कर्ज मिळत होतं. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी केरळ आणि तेलंगणातल्या महिला गटांची एकेकट्या कुटुंबांच्या शेतीशी तुलना केली. केरळात गट हेक्टरी उत्पन्नात स्पष्टपणे सरस ठरले. तेलंगणात ते उत्पन्नात मागे पडले, निव्वळ नफ्यात मात्र बरोबरीला आले. गटशेती दोन्हीकडे होती. म्हणून 'गटात एकी नाही' हे आपलं आवडतं निदान जरा बाजूला ठेवू आणि गटाला पाणी, कर्ज, पंचायत यांतलं काय मिळालं ते पाहू.

प्रशिक्षणाचंही तसंच. जीवामृत आणि दशपर्णी अर्क आपण हौसेनं शिकवतो. गट फुटतो तो मात्र हजेरीवरून: कोण आलं, कुणी सुनेला पाठवलं, कुणाचा अर्धा दिवस धरायचा. वही लिहिणं, खंडाची बोलणी करणं आणि उधारी वसूल करणं ही शेतीशाळेतली कौशल्यं का नसावीत? माती त्या बायांना आपल्यापेक्षा जास्त कळते.

राहिला अन्नाचा प्रश्न. मराठवाड्यात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या कामात बायांनी घरच्याच जमिनीतला अर्धा-एक एकर स्वतःसाठी मागून घेतला आणि त्यात आधी घरी खायची पिकं घेतली. तिथं वाटाघाट नवऱ्याशी होती, एवढाच फरक. आपल्या अहवालात मात्र 'उलाढाल' हा रकाना असतो, घरी किती खाल्लं याचा नसतो. मग कार्यकर्ता उलाढाल दाखवायच्या मागे लागतो, गट चांगली तूर आणि भाजी बाजारात नेतो आणि घरात उरतं ते किडकं.

येत्या खरिपाच्या बैठकीत बियाण्यांची यादी काढण्याआधी मालकाला बोलावून घ्या, सरपंचांसमोर किमान तीन वर्षांची बोली करा आणि कुणाचा किती वाटा घरी जायचा ते पेरणीआधीच ठरवा. अहवालात त्यासाठी रकाना मिळत नसेल, तर हजेरीवहीच्या मागच्या पानावर आखून घ्या.