खरी, पण कोणाची?

इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात रशवर्थ नावाची वाद्यांची एक जुनी पेढी होती. 10 सप्टेंबर 1962 रोजी या पेढीतून सारख्याच बनावटीच्या दोन गिटारी विकल्या गेल्या. अमेरिकेतील गिब्सन कंपनीच्या ‘जे-160ई’ या प्रकारच्या या गिटारी खास मागणी नोंदवून आणविल्या होत्या आणि प्रत्येकीची किंमत सुमारे 161 पौंड होती. गिऱ्हाईक होते जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन. त्यांच्या ‘बीटल्स’ या वाद्यवृंदाचे नाव तेव्हा त्या शहराबाहेर फारसे कोणी ऐकले नव्हते. वर्षभरात सारे इंग्लंड त्यांच्यामागे वेडे झाले. 1963 च्या अखेरीस लंडनच्या फिन्सबरी पार्क भागात त्यांचे नाताळचे खास कार्यक्रम झाले. त्या सुमारास लेनन यांची गिटार नाहीशी झाली.

पुढे ती अटलांटिक महासागर ओलांडून कॅलिफोर्नियात कशी पोहोचली, याची कोठेही नोंद नाही. 1960 च्या दशकाच्या शेवटी सॅन दिएगो येथे एका गृहस्थाने जुनी गिटार म्हणून ती 175 डॉलरला विकत घेतली आणि जवळजवळ चाळीस वर्षे आनंदाने वाजविली. नंतर एका जुन्या मासिकात हॅरिसन यांच्या गिटारीविषयीचा लेख त्याच्या वाचनात आला. तिचा क्रमांक होता 73161. त्याने स्वतःची गिटार उलटी करून मागे ठोकलेला क्रमांक पाहिला. तो होता 73157.

चार अंकांचा फरक! ज्यांनी आयुष्यभर बिलबुके आणि चलने हाताळली आहेत, अशा आपल्या वाचकांना त्या माणसाच्या छातीत काय धडधडले असेल ते सांगावयास नको. तथापि नुसत्या क्रमांकावर भिस्त ठेवता येत नाही. क्रमांक खोटा ठोकता येतो, आणि गिब्सन कंपनीने तर 1963 ते 1969 या काळात कित्येक क्रमांक पुन्हा पुन्हा वापरले आहेत. क्रमांकाने संशयाचे वर्तुळ लहान होते, इतकेच.

निर्णायक पुरावा लाकडाने दिला. अँडी बाबियुक हे न्यूयॉर्क राज्यातील वाद्यांचे व्यापारी. बीटल्सच्या वाद्यांवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला आहे. त्यांनी ही गिटार आणि लेनन यांची जुनी छायाचित्रे शेजारी ठेवली. झाड दरवर्षी एक वलय वाढते. पाऊसपाणी चांगले झाले तर रुंद, नाही तर अरुंद. लाकूड फाडले की हीच वलये उभ्या रेषा होऊन दिसतात. त्यांतील अंतर, मध्येच आलेला काळसर पट्टा, एखाद्या रेषेचा किंचित वळसा हे सारे दुसऱ्या फळीवर जसेच्या तसे उमटत नाही. ओरखडे मागाहून पाडता येतात, खिट्ट्या बदलता येतात, रंगही नवा देता येतो. पण 1963 साली छायाचित्रात टिपलेली रेषा आज दुसऱ्या लाकडात कोण निर्माण करणार? रेषा जुळल्या, क्रमांक जुळला आणि 2014 मध्ये ओळख जाहीर झाली.

बँकेत नमुना स्वाक्षरीचे कार्ड आणि धनादेश शेजारी ठेवून पाहताना आम्हीही हेच करीत असू. नवखा कारकून अक्षरांचे आकार पाहतो. मुरलेला मनुष्य हात कोठे उचलला गेला आणि दाब कोठे वाढला ते पाहतो, कारण नक्कल करणाऱ्याचे तिकडे लक्ष नसते.

येथपर्यंत प्रकरण सरळ आहे. बॉब डिलन यांच्या गिटारीचे तसे झाले नाही. 25 जुलै 1965 रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात डिलन विजेवर चालणारी गिटार घेऊन उभे राहिले आणि जुन्या श्रोत्यांनी आरडाओरडा केला. ही ‘फेंडर’ कंपनीची गिटार त्या काळात एका खाजगी विमानात राहून गेली, असे त्या विमानाच्या वैमानिकाच्या मुलीचे म्हणणे होते. पेटीत गीतांचे काही कागदही होते. 2012 मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवरील एका मालिकेसाठी बाबियुक यांनीच तपासणी केली. रंगाखालून दिसणाऱ्या लाकडाच्या रेषा न्यूपोर्टच्या रंगीत छायाचित्रांशी जुळल्या. डिलन यांच्या वकिलांनी मात्र कळविले की, न्यूपोर्टची गिटार डिलन यांच्याजवळच आहे. त्या काळात त्यांच्या इतर काही गिटारी आणि गीतांचे कागद चोरीस गेले होते. म्हणजे प्रत्यक्ष कलावंताचे सांगणे एक आणि लाकडाचे दुसरे! माझा कल लाकडाकडे आहे. अर्ध्या शतकानंतर मनुष्याच्या आठवणीपेक्षा छायाचित्रावर विसंबणे मला अधिक बरे वाटते. पण वकिलांच्या त्या पत्रात आणखी एक प्रश्न दडला होता आणि त्याला लाकडापाशी उत्तर नव्हते.

तो प्रश्न मला एका सराफांनी शिकविला. सोनेतारण कर्जासाठी ते आमच्या शाखेत येत. एकदा एका गृहस्थाने आणलेल्या पाटल्या कसोटीवर घासून त्यांनी बावीस कॅरेटचा दाखला दिला. मी कागद पुढे सरकविणार, तोच त्या गृहस्थाची विधवा भावजय धापा टाकीत आली. पाटल्या तिच्या होत्या, वाटणी व्हावयाची होती. मी कावराबावरा होऊन सराफांकडे पाहिले. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, मी सोनं सांगितलं. मालक सांगितला नाही.” त्या दिवशी कर्ज दिले गेले नाही, आणि दाखल्याकडे पाहण्याची माझी दृष्टी कायमची बदलली.

डिलन यांच्या बाबतीत उभय पक्षांनी आधी तडजोड केली. अटी गुप्त राहिल्या. मगच डिसेंबर 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज येथील लिलावात ती गिटार 9,65,000 डॉलरला गेली. पॉल मॅकार्टनी यांचे ‘हॉफनर’ बास 1972 मध्ये लंडनमध्ये एका गाडीतून चोरीस गेले होते. ते सापडल्यावर निर्मात्या कंपनीनेच त्याची ओळख पटविली. मॅकार्टनी हयात आणि वाद्य चोरीचे, त्यामुळे लिलावाचा प्रश्नच आला नाही. ते मूळ मालकाच्या घरी गेले.

लेनन यांच्या गिटारीचा मालक मात्र 1980 मध्येच जग सोडून गेला होता, आणि ज्याच्या हाती ती होती त्याने रोख पैसे मोजून, काही ठाऊक नसताना ती घेतली होती. नोव्हेंबर 2015 मध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात तिला 24 लाख 10 हजार डॉलर आले. त्या रकमेतील एक हिस्सा लेनन यांच्या पत्नी योको ओनो यांच्या धर्मादाय संस्थेकडे द्यावयाचा, हे विक्रीपूर्वीच ठरले होते.