चिठ्ठी मोबाइलवर मिळेल. पण औषध कोण निवडणार?

नकाशात गोराई गाव बोरिवलीला खेटून दिसते. प्रत्यक्षात मध्ये खाडी आहे. पलीकडे जायचे तर बोट, नाहीतर उत्तन-भाईंदरवरून रस्त्याचा मोठा वळसा. ताप-खोकल्याचे एक वेळ जवळपास निभावते, पण मुलाला मनोविकारतज्ज्ञांना दाखवायचे म्हणजे आईचा किंवा वडिलांचा एक दिवसाचा रोज बुडतो. शिवाय हे काम एकदा जाऊन संपत नाही. अशा घराला मोबाइलच्या पडद्यावर भेटणारा डॉक्टर हा मोठाच आधार वाटतो. ‘एडीएचडी’, म्हणजे अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता, या विकाराबाबत मात्र हा आधार कुठवर पुरतो, हे नीट समजून घ्यायला हवे.

आपल्याकडे ऑनलाइन वैद्यकीय सल्ल्याचे नियम २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, जाहीर झाले. त्यात औषधांच्या याद्या आहेत. काही औषधे कोणत्याही माध्यमातून सुचवता येतात. काहींसाठी पहिला सल्ला व्हिडिओवरच व्हावा लागतो. काही फक्त आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णालाच, फेरतपासणीत देता येतात. आणि काही ऑनलाइन लिहिताच येत नाहीत. या शेवटच्या यादीत औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘शेड्यूल एक्स’मधली आणि अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येणारी औषधे आहेत.

एडीएचडीवर सर्वाधिक वापरले जाणारे मिथाइलफेनिडेट नेमके याच कुंपणाआड येते. ते उत्तेजक आहे, त्याचा गैरवापर होऊ शकतो. म्हणून त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत औषधविक्रेत्याला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. असे औषध ठेवणारी दुकानेही मोजकीच. ॲटोमॉक्सेटिन मात्र उत्तेजक नाही, त्याची चटक लागत नाही. चिठ्ठीशिवाय तेही मिळता कामा नये, पण ते या बंदीच्या यादीत नाही.

इथेच गोम आहे. ऑनलाइन सल्ल्यात एक औषध लिहिता येते आणि दुसरे येत नाही, तेव्हा निवड रुग्णाच्या गरजेऐवजी माध्यमाच्या सोयीने होण्याचा धोका असतो. ‘लॅन्सेट सायकियाट्री’मध्ये २०१८ साली १३३ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. परिणाम आणि सुरक्षितता दोन्ही पाहता लहान मुलांसाठी पहिली पसंती मिथाइलफेनिडेटला द्यावी, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे ॲटोमॉक्सेटिन कुचकामी ठरते असे नाही. उत्तेजक औषध सोसत नसेल, अंगाला आचके येत असतील किंवा घरात व्यसनाचा इतिहास असेल, तर डॉक्टर विचारपूर्वक त्याकडे वळतात. पण तो विचार व्हायला हवा. ‘हेच ऑनलाइन मिळते’ हे त्याचे कारण असू शकत नाही.

दुसरा गैरसमज याहून घातक आहे. ‘चटक लागत नाही’ याचा अर्थ अनेक पालक ‘निर्धोक’ असा घेतात. ॲटोमॉक्सेटिनने नाडीचा वेग आणि रक्तदाब वाढू शकतो. क्वचित यकृताला इजा होते. मुले आणि किशोरवयीनांमध्ये आत्मघाताचे विचार येऊ शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावरच छापावा लागतो. फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिनसारखी नैराश्यावरची गोळी सोबत चालू असेल, तर याचे रक्तातले प्रमाण बरेच वाढते. क्लोनिडिन या दुसऱ्या अनुत्तेजक औषधाची तऱ्हा उलटी. त्याने रक्तदाब उतरतो, आणि ते एकाएकी बंद केले तर तो उसळून वर जातो. चिठ्ठी संपली, बोट चुकली, म्हणून आठवडाभर गोळी राहिली, असे या औषधाबाबत चालत नाही.

कायद्याने रेघ ओढली आहे ती गैरवापराच्या शक्यतेवर. देखरेखीची गरज मोजणारी रेघ वेगळी असते, आणि ती कॅमेऱ्यातून दिसत नाही. व्हिडिओवर डॉक्टर बोलू शकतात, मुलाची चुळबुळ पाहू शकतात, पण त्यांना नाडी मोजता येत नाही, उंची-वजन घेता येत नाही.

निदानाचेही तसेच. एडीएचडी ठरवणारी रक्ततपासणी किंवा स्कॅन नाही. लक्षणे बारा वर्षांच्या आतली आहेत का, घरी आणि शाळेतही दिसतात का, किमान सहा महिने टिकली आहेत का, हे विचारून पाहावे लागते. अपुरी झोप, कमी ऐकू येणे, चिंता, अध्ययन अक्षमता यांमुळेही मूल बेचैन दिसते. अमेरिकेत प्रश्नावली भरून झटपट उत्तेजक औषधे लिहून दिल्याच्या आरोपावरून ‘डन’ या ऑनलाइन कंपनीच्या प्रमुखांना जून २०२४ मध्ये अटक झाली. आपल्याकडे उत्तेजकांवर बंदी असल्याने तो प्रकार तसाच घडणे अवघड आहे, पण घाईत केलेले निदान अनुत्तेजक औषधाच्या चिठ्ठीतही तितकेच चुकीचे असते.

मग गोराईतल्या आईने काय करावे? ऑनलाइन सल्ला नाकारू नये, त्याची जागा ठरवावी. पहिली भेट शक्यतो प्रत्यक्ष व्हावी. जाताना शाळेतल्या बाईंचे निरीक्षण लिहून न्यावे, चालू असलेली सगळी औषधे सांगावीत, घरात कुणाला हृदयविकार असेल तर तेही. पुढच्या फेऱ्या व्हिडिओवर चालतील. त्याआधी जवळच्या दवाखान्यात नाडी, रक्तदाब आणि वजन मोजून आकडे कळवावेत. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून दहाव्या दिवशी निराश होऊन डोस वाढवू नये की औषध सोडू नये. मूल एकाएकी चिडचिडे, गप्प किंवा हताश झाले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना लगेच सांगावे. मानसिक आधारासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे.

नियमांनुसार चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे, लहान मुलासोबत मोठे माणूस हवे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणेला स्वतःहून औषध लिहिण्याची मुभा नाही. यातले काही नसेल, तर ती चिठ्ठी घेऊन दुकानात जाऊ नये.

खाडी ओलांडण्याचा त्रास तंत्रज्ञानाने कमी केला, हे चांगलेच झाले. पण पालिकेच्या दवाखान्यात नाडी-वजन मोजून तो आकडा पलीकडच्या तज्ज्ञाकडे जाण्याची सोय झाली नाही, तर पडद्यावरून फक्त चिठ्ठी पोहोचेल, उपचार नाहीत.