ओंजळीत मावणारे पिल्लू

चहाच्या कपात बसवलेल्या पॉमेरेनियन पिल्लाचे छायाचित्र तरुण मंडळी हल्ली आम्हांला कौतुकाने दाखवतात. ‘टीकप’ म्हणे! अशी कोणतीही स्वतंत्र जात नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. हे नाव विक्रेत्यांचे आहे.

पॉमेरेनियन मुळात एवढा चिमुकला नव्हताच. 1888 साली व्हिक्टोरिया राणीने फ्लॉरेन्सहून आणलेला मार्को सुमारे साडेपाच किलोंचा होता. त्या काळी तोच लहान म्हणून नावाजला गेला. आज ब्रिटनचा केनेल क्लब नराचे आदर्श वजन 1.8 ते 2 किलो मानतो, मादीला मात्र अडीच किलोंपर्यंत मुभा देतो. जिला गर्भ वाहायचा तिचा देह थोडा थोर हवा, हे कोणाही गृहिणीला कळेल. पण ‘टीकप’च्या हौसेपायी वेतातील सर्वांत खुरटे पिल्लू निवडून त्याचाच वंश वाढवला जातो. मग टाळू भरत नाही, गुडघ्याची वाटी सरकते, एखादे जेवण चुकले तरी रक्तातील साखर उतरून पिल्लू कोसळते.

रंगाची कथा तर अधिक दारुण आहे. ‘मर्ल’ म्हणजे फिकट अंगावर गडद डागांची नक्षी. तिला दाम चढा मिळतो. दोन मर्ल जनावरांचा संयोग घडवला, तर सरासरी चारांतल्या एका पिल्लात तो गुण दुहेरी उतरतो, आणि अशी अनेक पिल्ले बहिरी किंवा दृष्टिहीन जन्मतात. हा दैवाचा फेरा नव्हे. संयोग घडवण्याआधीच हे गणित मांडता येते.

लहान कुत्रा पाळूच नये काय? मुळीच तसे नाही. दोन किलोंचे निरोगी कुत्रे सदनिकेत सुखाने नांदते. निवड केल्याशिवाय कोणतीही जात टिकत नाही, हेही आम्हांस मान्य आहे. आमचा आक्षेप आहे तो हौस आपली आणि भोग जनावराचे, या व्यवहाराला.

‘आम्ही पैदास करीत नाही, केवळ विकत घेतो’ ही सबब आम्हांला पटत नाही. गिऱ्हाईक आहे म्हणून तर खुरटे पिल्लू महाग! आपल्या देशात 2017 च्या नियमांनुसार पैदासकाराची नोंदणी सक्तीची आहे, आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. कोवळे पिल्लू ‘टीकप’ म्हणून गळ्यात मारणे त्यामुळेच काहींना सोयीचे वाटते. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी नोंदणीचा कागद मागा, पिल्लाची आई दाखवा म्हणा. ती दाखवायला का-कू झाली, तर रिकाम्या हाताने घरी परता.