गेम चालणारा लॅपटॉप मागतोय म्हणून पोराला झापू नका

(पोस्ट मोठी आहे. यंदा घरात कुणी बारावीला असेल तर शेवटपर्यंत वाचा, बाकीच्यांनी सवडीने.)

सोलापुरात पत्रकार म्हटलं की लोक आधी पाणी कधी येणार ते विचारतात. त्याखालोखाल आता दुसरा प्रश्न आलाय. "सर, पोराला इंजिनिअरिंगला घालायचंय. पन्नास-साठ हजारात कुठला लॅपटॉप घेऊ?" आणि मग आवाज बारीक करून, "तो गेमिंगचा म्हणतोय ओ. तसला नको. अभ्यासाचा सांगा."

माझं उत्तर ऐकून निम्मे लोक नाराज होतात. मी म्हणतो, जमत असेल तर तसलाच घ्या.

आधी एक गोष्ट साफ करू. दुकानात "अभ्यासाचा" लॅपटॉप नावाची वेगळी जात नसते. पंचवीस-तीस हजाराला "स्टुडंट लॅपटॉप" म्हणून जो गळ्यात मारतात त्यात बहुतेक वेळा सेलेरॉन एन४०२० सारखा अगदी खालच्या दर्जाचा प्रोसेसर, बोर्डावरच चिकटवलेली चार नाहीतर आठ जीबी रॅम आणि एसएसडीच्या जागी ईएमएमसी असते. ईएमएमसी म्हणजे मोबाइलात असते तसली हळू चालणारी साठवण. त्यावर वर्ड उघडतं, यूट्यूब दिसतं. दुसऱ्या वर्षाला ऑटोकॅड किंवा अँड्रॉइड स्टुडिओ टाकलं की ते मशीन मान टाकतं. रॅम वाढवता येत नाही. म्हणजे अडीच वर्षं उरलेली असताना घरात पुन्हा पैशाचा विषय निघतो.

पूर्व भागातलं एक घर मला चांगलं माहीत आहे. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. पोरगी हुशार. त्यांनी असाच "अभ्यासाचा" लॅपटॉप हप्त्यावर घेतला, हप्ते संपायच्या आत तो कॉलेजच्या कामाला निकामी झाला. आता पोरगी मैत्रिणीच्या हॉस्टेलवर जाऊन प्रोजेक्ट करते. पोरीच्या जातीला रात्री नऊपर्यंत बाहेर थांबावं लागतं म्हणून घरात रोज कटकट. दुकानदाराचं काय गेलं? त्याने बिल फाडलं, विषय संपला.

आता गेमचं बघा. एखादा बऱ्यापैकी गेम चालायला काय लागतं? चार-सहा कोअरचा खरा प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, एसएसडी, आणि शक्य असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड. ऑटोकॅडला काय लागतं? ब्लेंडरला? व्हिडिओ एडिटिंगला? हेच लागतं. आपल्या गावाला लागू पडणारं सांगतो, जकार्डच्या चादरीचं डिझाइन आज कॉम्प्युटरवरच होतं. ज्या मशीनवर पोरगं रात्री गेम खेळेल त्याच मशीनवर दिवसा चादरीचं डिझाइन करता येईल. पोराने "गेम" हा शब्द वापरला म्हणून बापाच्या कपाळाला आठी पडते. त्याने "रेंडरिंग" म्हटलं असतं तर बापाने पेढे वाटले असते!

पण बापाची भीती खोटी नाही, हेही लिहिलं पाहिजे. त्याला गेम म्हटलं की रमी दिसते. पाच-सात वर्षं या गावात, या जिल्ह्यात, शेजारच्या धाराशिव-लातुरात मोबाइलवरच्या रमीने आणि सट्ट्याने जी घरं बसली त्यांच्या बातम्या मी स्वतः दिल्यात. मोठमोठे खेळाडू आणि नट त्याच्या जाहिराती करत होते. गेल्या जुलैत तर माणिकराव कोकाटे कृषिमंत्री असताना सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ अख्ख्या महाराष्ट्राने पाहिला. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात घालवत होतो, असं त्यांचं म्हणणं. कृषी खातं गेलं आणि मिळालं कोणतं, तर क्रीडा! यावर मी काही बोलत नाही.

तर ते प्रकरण वेगळं आणि हे वेगळं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. त्या कायद्यानेच ही रेघ मारलीय. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद. ते चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. टीम इंडियाच्या जर्सीवरचं ड्रीम इलेव्हन त्यामुळेच गेलं. आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता आहे. पोरगं व्हॅलोरंट खेळत असेल तर ते वेळ घालवत असेल, जेवायला हाका मारल्या तर उठत नसेल, पण जुगार खेळत नाही. (त्यातल्या बंदुकांच्या रंगीत कातड्यांवर ते पैसे उडवू शकतं, तेव्हा घरातलं कार्ड आणि यूपीआयचा पिन मात्र त्याच्या हाती देऊ नका.)

आणि खेळायला महागडंच मशीन लागतं असंही नाही. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होतं, तेव्हा भूजच्या तीर्थ मेहताने हर्थस्टोन नावाच्या पत्त्यांच्या खेळात कांस्य मिळवलं. भूज काही बंगळुरू नाही. आणि हर्थस्टोन कुठल्याही साध्या लॅपटॉपवर चालतो.

मुद्द्याचं बोलू. पैसे कुठे घालायचे?

पोराला आधी विचारा की नेमकं काय खेळायचंय. बीजीएमआय म्हणाला तर त्यासाठी लॅपटॉप घ्यायचं कारणच नाही, तो मोबाइलचा गेम आहे. व्हॅलोरंट म्हणाला तर जीव भांड्यात पडू द्या. तो मुद्दाम हलका बनवलेला आहे, कंपनीने सांगितलेली किमान गरज चार जीबी रॅम आणि इंटेलचं दहा-बारा वर्षांपूर्वीचं ग्राफिक्स इतकीच. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या, पण बऱ्या प्रोसेसरच्या लॅपटॉपवर तो छान चालतो. जीटीए किंवा त्याहून नवं काही म्हणाला तर मात्र वेगळं कार्ड लागेल, आणि एसएसडी ५१२ जीबीच्या खाली नको, कारण एकेक गेम शंभर जीबी खातो.

रॅम. इथेच सगळ्यात जास्त फसवतात. वेगळं कार्ड नसेल तर ग्राफिक्सचं काम रॅमवर चालतं. तेव्हा एकच पट्टी असण्यापेक्षा आठ-आठच्या दोन पट्ट्या असल्या की गेमचा वेग लक्षात येण्याइतका वाढतो. इंटेलच्या "आयरिस एक्सई" वाल्या मशीनमध्ये एकच पट्टी असेल तर ते ग्राफिक्स पूर्ण ताकदीने चालतच नाही, विंडोज त्याला साधं यूएचडी म्हणून दाखवतं. स्टिकर मात्र आयरिसचाच असतो. दुकानात विचारा, "दुसरा स्लॉट मोकळा आहे का?" उत्तर देताना माणूस अडखळला तर दुसऱ्या दुकानात जा.

नंबरांची गंमत तर विचारू नका. एएमडीचा रायझन ५ ७५२०यू घ्या. सात हजारची मालिका, नाव नवं, पण आतला गाभा झेन २, म्हणजे २०१९ चा, आणि ग्राफिक्स अगदीच दुबळं. त्याच्या शेजारी ७५३०यू असतो, तो झेन ३, ग्राफिक्सही कितीतरी बरं. फरक एका आकड्याचा. या मालिकेत तिसरा आकडा बघायचा. २ असेल तर सोडा, ३ किंवा ४ असेल तर पुढे बोला. ही गोष्ट मी सात रस्त्यावरच्या एका दुकानात विक्रेत्याला सांगितली तर तो म्हणाला, "अण्णा, एवढं बघून कोण घेतंय बे." त्याचं बरोबर होतं, दुःख त्याचंच आहे.

ग्राफिक्स कार्डातही तेच. आरटीएक्स ३०५० लिहिलेले दोन लॅपटॉप सारखे नसतात. हेच कार्ड एका मशीनमध्ये ३५ वॉटवर चालवतात, दुसऱ्यात ८० वर. खोक्यावर हे मोठ्या अक्षरात कुणी छापत नाही. मॉडेल नंबर लिहून घ्या आणि घरी येऊन कंपनीच्या साइटवर "टीजीपी" शोधा. गेली दोन-तीन वर्षं आरटीएक्स २०५० किंवा ३०५० वाली मशीनं पन्नास ते पासष्ट हजारांत मिळत आलीत. आता दिवाळीच्या सेलची वाट बघू, असं कुणी म्हणेल. मी नाही म्हणणार. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनसारख्या कंपनीने तर डिसेंबरात सामान्य गिऱ्हाइकासाठीचा "क्रूशिअल" ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. गरज आहे तेव्हा घ्या आणि रॅम घेतानाच पुरेशी घ्या.

जुना घ्यायचा असेल तर? सोलापुरात कंपन्यांतून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड वीस-पंचवीस हजारात भरपूर येतात, आणि नव्या सेलेरॉनपेक्षा ते शंभर पटीने बरे. पण इंटेलची आठवी पिढी किंवा त्याच्या पुढचीच घ्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे सहाव्या पिढीच्या मशीनवर बसत नाही. व्हॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू नसेल तर उघडतच नाही. दुकानदार कुठून तरी जुगाड करून ११ टाकून देतो, पोरगं घरी येऊन रडतं.

आता एक खास सोलापुरी गोष्ट, जी पुण्या-मुंबईचे रिव्ह्यूवाले सांगत नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीसला जातो. गेम चालू असताना लॅपटॉप आधीच तापलेला असतो, बाहेरची हवाही तापलेली, मग तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मशीन खराब नाही, त्याला उन्हाळा लागलाय. गादीवर ठेवून खेळू देऊ नका, मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवा. आणि ज्यांच्या घरात किंवा शेजारी माग आहे त्यांनी वर्षातून दोनदा पंखा साफ करून घ्या. मागातून उडणारा कापसाचा बारीक भुरा जाळीत जाऊन अशी गादी करतो की हवा जायला जागा उरत नाही. ऑनलाइन गेम अडकतो तो तर निम्म्या वेळा लॅपटॉपमुळे अडकतच नाही, नेटमुळे अडकतो. दीडशे रुपयांची केबल राउटरपासून ओढा, वायफाय सोडा.

हप्त्याबद्दल एवढंच की "नो कॉस्ट" हा शब्द ऐकला की रोखीचा भाव विचारा. रोखीवर मिळणारी सूट हप्त्यात जाते, वर प्रोसेसिंग फी असते, क्रेडिट कार्ड असेल तर व्याजाच्या भागावर जीएसटीही लागतो.

आणि जीएसटीचं निघालंच आहे तर. लॅपटॉपवर १८ टक्के आहे. साठ हजाराच्या मशीनमध्ये ९ हजार १५२ रुपये सरकारचे. गेल्या सप्टेंबरात दर खाली आले तेव्हा एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ वर उतरले. लॅपटॉप होता तिथेच राहिला. सोन्याला ३ टक्के. विडी वळणाऱ्या बाईने पोरीला गळ्यातलं घेतलं तर ३ आणि कॉम्प्युटर घेतला तर १८, हा हिशोब मला तरी कळत नाही.

२०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या शहरी घरांपैकी २३.४ टक्के घरांत कॉम्प्युटर होता, ग्रामीण भागात ४.४ टक्के. त्यानंतर कोरोना आला, शाळा फोनवर गेल्या, आणि आपण असं धरून चाललो की प्रत्येकाकडे मशीन आहे. तमिळनाडूने २०११ पासून सरकारी शाळा-कॉलेजच्या पोरांना लॅपटॉप वाटले. आपल्याकडे महाज्योती जेईई-नीटच्या पोरांना टॅब्लेट देते, चांगली गोष्ट आहे, पण टॅब्लेटवर व्हिडिओ बघता येतो, ऑटोकॅड चालवता येत नाही.

आपलं शहर २०१६ च्या पहिल्या स्मार्ट सिटी यादीत होतं. रस्त्याचं खोदकाम आपण सगळ्यांनी बघितलंय, धूळही खाल्लीय. त्या सगळ्या पैशात विद्यार्थ्याला संध्याकाळी जाऊन बसता येईल, चांगल्या ग्राफिक्सची वीस मशीनं असतील, अशी एक पालिकेची खोली झाली असती तर? वीस मशीनं साठ हजारांनी म्हणजे बारा लाख. एका चौकाच्या सुशोभीकरणाचा खर्च काढून बघा. आयटी पार्कच्या घोषणा होतायत, होऊ देत, पण त्यात नोकरीला बसणाऱ्या पोराने पहिला दमदार कॉम्प्युटर पुण्याच्या कॉट बेसिसवर गेल्यावर बघायचा का?

जवळपास चार वर्षं पालिकेत प्रशासक होता, विचारायला माणूस नव्हता. जानेवारीत निवडणूक झाली, आता तुमच्या प्रभागाचा नगरसेवक आहे. बजेटच्या सभेआधी त्याला गाठा आणि सांगा, वाचनालयात वीस मशीनं पाहिजेत, रात्री दहापर्यंत उघडी, पोरींसाठी वेगळी वेळ, वर इन्व्हर्टर. त्याने "गेम खेळतील ओ पोरं" म्हटलं तर म्हणा, खेळू देत की. साडेआठनंतर खेळू देत.