बाईंचा तास : आकाश कुणाचं?



गेल्या शनिवारी मधल्या सुट्टीत आमच्या पाचवीतल्या एका पठ्ठ्याने कागदाचं विमान सोडलं. ते गिरक्या घेत गेलं आणि थेट हेडसरांच्या चहाच्या कपात उतरलं! मी रागावले, तर स्वारी म्हणते कशी, "बाई, आकाश काय कुणाच्या मालकीचं आहे? कुणीही उडवावं!"

मला हसू आलं, पण लगेच याच मुलाचा दादा आठवला. तोही माझाच विद्यार्थी. दोन वर्षांपूर्वी अगदी हेच वाक्य तो बोलला होता, आणि ते त्याला फार महागात पडलं. आज त्याचीच गोष्ट सांगते. त्याला विचारूनच सांगते आहे बरं का!

दादाला फोटोचा नाद. लग्नाचं शूटिंग करायचं म्हणून त्याने आईच्या पाटल्या गहाण ठेवून एक ड्रोन घेतला. परदेशी, हातोहात आलेला, बिलाचा पत्ता नाही. दोन-तीन लग्नं झकास झाली. चौथ्या लग्नात हळदीच्या वेळी वारा सुटला आणि ड्रोन मांडवाच्या कनातीला धडकून खाली आला, तो एका आजींच्या पुढ्यातच! आजी बचावल्या, पण कुणीतरी पोलिसांना बोलावलं. त्यांनी विचारलं, "याचा नंबर कुठाय? तुझं सर्टिफिकेट कुठाय?" दादाकडे दोन्ही नव्हतं. ड्रोन चौकीत जमा झाला.

दुसऱ्या दिवशी दादा माझ्या दारात. "बाई, तुमचं अक्षर चांगलंय. परवानगीसाठी एक अर्ज लिहून द्या ना."

मीही भोळी! 'मा. साहेब, विनंती अर्ज करतो की...' असा फुलस्केप भरून अर्ज लिहून दिला. तो काही कुठे चालला नाही. मग आम्ही दोघांनी बसून नियम वाचले, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. परवानगी म्हणजे एक कागद नव्हेच. प्रश्न तीन आहेत. यंत्र कोणतं? उडवणारा कोण? आणि उडवायचं कुठे?

पहिला प्रश्न यंत्राचा. आपल्या देशात 'ड्रोन नियम २०२१' लागू आहेत. त्यात सगळं सामान धरून ड्रोनच्या वजनाचे पाच गट केलेत. पाव किलोपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० किलोपर्यंत मीडियम आणि त्यापुढे लार्ज. वजनाला एवढं महत्त्व का? जरा गणित करू. १२० मीटरवरून एखादी वस्तू सुटली आणि हवेचा विरोध सोडून दिला, तर जमिनीवर येताना तिचा वेग ताशी सुमारे १७५ किलोमीटर होतो. आता त्या वेगाने दोन किलोचा बत्ता डोक्यात पडला तर? म्हणून नॅनो सोडून बाकीच्या ड्रोनला विमाही लागतो. दुसऱ्याचं नुकसान झालं, तर भरपाई मिळावी यासाठी.

मोटारसायकलला नंबर असतो, तसा ड्रोनलाही असतो. त्याची सरकारी फी अवघी १०० रुपये. पण तो नंबर मिळण्याआधी त्या मॉडेलची तपासणी होऊन त्याला 'टाइप सर्टिफिकेट' मिळालेलं असावं लागतं. इथेच दादाची गाडी अडली. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोन देशात आणायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढ्यांनाच सवलत. दादाच्या चोरवाटेने आलेल्या ड्रोनला ना तपासणी, ना कागद. म्हणजे नंबर मिळायचा नाही. पाटल्यांचे पैसे पाण्यात! त्या दिवशी तो माझ्यासमोर मान खाली घालून बसला. मलाही काय बोलावं सुचेना.

दुसरा प्रश्न उडवणाऱ्याचा. नॅनो ड्रोनला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. मायक्रो हौसेसाठी उडवला तरी लागत नाही. पण त्याच मायक्रोने पैसे कमवायचे म्हटलं, की सर्टिफिकेट हवंच. दादा नेमका इथे फसला होता. "माझा तर छोटाच आहे," म्हणायचा. अरे, पण तू त्याचे पैसे घेत होतास ना!

सर्टिफिकेटसाठी वय १८ ते ६५, दहावी पास, आणि डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, याने मान्य केलेल्या संस्थेत प्रशिक्षण. पूर्वी पासपोर्टही लागायचा. गावाकडच्या मुलांकडे कुठला असायला! २०२३ साली ती अट सैल झाली आणि मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स चालू लागलं. सर्टिफिकेट दहा वर्षं चालतं. त्याचीही फी १०० रुपयेच, पण प्रशिक्षणाची फी मात्र हजारांत जाते.

तिसरा प्रश्न जागेचा. सरकारने देशाचा नकाशा तीन रंगांत रंगवलाय. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. म्हणजे साधारण चाळीस मजले! पिवळ्या भागात विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या नियंत्रण कक्षाची परवानगी हवी. तांबड्या भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नावच काढायचं नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवा भाग फक्त २०० फुटांपर्यंत, त्याच्या वर पिवळा. हा नकाशा बदलत असतो, म्हणून ज्या दिवशी उडवायचं त्या दिवशी तो पाहायचा. शिवाय पोलीसही वेळोवेळी मनाईचे आदेश काढतात, तेही पाळायचे.

तुम्ही म्हणाल, बाई, एवढी कटकट? अहो, ऑक्टोबर २०१४ मध्ये तर सर्वसामान्यांना ड्रोन उडवायला मनाईच केली होती. डिसेंबर २०१८ पासून रस्ता थोडा उघडला. २०२१ च्या मार्चमधल्या नियमांत २५ फॉर्म आणि ७२ प्रकारच्या फिया होत्या. ऑगस्टमध्ये त्या नियमांच्या जागी नवे नियम आले, आणि ५ फॉर्म व ४ फिया उरल्या. तेव्हा मोठ्यांनाही आपला गृहपाठ सुधारून लिहावा लागतो हं!

पुढे दादाने काय केलं? वर्षभर एका दुकानात काम करून फीचे पैसे साठवले, प्रशिक्षण घेतलं, सर्टिफिकेट मिळवलं. आता तो एका शेतकरी गटाचा नंबरवाला ड्रोन चालवतो आणि पिकांवर औषध फवारतो. सकाळी आधी नकाशा बघतो, मग वारा, मग बॅटरी. पाटल्या अजून सुटायच्या आहेत. पण परवा आई म्हणाली, "बाई, आता रात्री झोप लागते."

हे सगळं ऐकून आमचा विमानवाला पठ्ठ्या बोटं मोजू लागला. "अठरा व्हायला आठ वर्षं आहेत... आणि बाई, दहावी पासच व्हावं लागतं?"

"हो," मी म्हटलं. "आणि त्याआधी हेडसरांना दुसरा चहा आणून द्यावा लागतो!"

आकाश सगळ्यांचं आहे, मुलांनो. म्हणूनच तिथे वावरताना खालच्या आजींचाही विचार करायचा.

आता डोकं चालवा : एका काकांना विमानतळाच्या कुंपणापासून १० किलोमीटरवर, तांबड्या भागाबाहेर, पैसे घेऊन लग्नाचं शूटिंग करायचं आहे. ड्रोनचं वजन १ किलो ८०० ग्रॅम. १५० फुटांवर उडवला तर रंग कोणता? ३०० फुटांवर कोणता? आणि काकांना पायलटचं सर्टिफिकेट लागेल का? आईबाबांबरोबर बसून सोडवा. उत्तरं पुढच्या अंकात!

तुमच्या बाई